कानातला सेल

सहासष्टच्या जूनमधल्या त्या सोमवारी सकाळी आमच्या ह्यांनी मला खुणेनं आत बोलावलं आणि सांगितलं की लवंगेची गोणी कोठीत ओढून घे, आज लवंग विकायची नाही. ऐकायचं मशीन मी अजून कानात घातलं नव्हतं, पण ह्यांचे ओठ मला पाठ आहेत. मी, मला वाटलं अगदी हळूच, विचारलं, "लपवायची का?" पुढं दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. त्या सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, तेव्हा मला कळलं की मी हळू बोललेले नाही. ऐकू येत नाही त्याला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही, आपल्याच घशातून काय नि केवढं बाहेर पडलं ते लोकांच्या तोंडाकडं बघून समजून घ्यावं लागतं. यावलचा जीवराम, वीस वर्षांपासूनचा गिऱ्हाईक, त्यानं हातातली पिशवी फळीवर ठेवली आणि तो ह्यांच्याकडं बघत राहिला. हसला नाही. ह्यांनी माझ्याकडं वळून ओठांवर बोट ठेवलं. रागावले नाहीत, डोळे वटारले नाहीत, नुसतं बोट ठेवलं. पण ते बोट काही मी विसरले नाही, कारण त्या दिवसानंतर ते आमच्या घरात राहायलाच आलं.

झालं होतं काय, तर आदल्या दिवशी रात्री रेडिओवर सांगितलं होतं की सरकारनं रुपया उतरवला. मला हे सकाळी कळलं. केवलनं, माझ्या मुलानं, कागदावर लिहून दाखवलं, डॉलर पावणेपाच रुपयांना होता तो आता साडेसातला. मी डॉलर कधी पाहिला नाही. जळगावच्या दाणा बाजारात आमच्या दुकानाच्या ओळीत कुणीच पाहिला नसेल. पण लवंग बाहेरच्या मुलखातून येते, दालचिनी येते, खारीक येते, आणि दुकानदाराला डॉलर न पाहताही त्याचा वास येतो. ह्यांना तो त्या सकाळी आला. महिनाभरानं ती गोणी बाहेर निघाली तेव्हा तिच्यात चांगले पैसे सुटले, हे मला त्यांच्या जेवण्यावरून कळलं. भाव वाढला की ते दोन घास जास्त जेवतात आणि ताटातली चटणी बोटानं पुसून घेतात. लवंगेत जे सुटलं ते माझ्या कानापर्यंत मात्र आलं नाही. मला ह्याचा राग आला होता, आणि आजही येतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

कारण माझ्या कानातला सेलही बाहेरच्या मुलखातलाच होता. एकोणीसशे सत्तावन्नच्या टायफॉइडात माझे दोन्ही कान गेले. सहा वर्षं मी तशीच काढली. मग धुळ्याला राहणारे माझे धाकटे दीर दीपचंदजी मुंबईला खरेदीला गेले होते, त्यांनी ह्यांना सांगितलं की कानामागं बसणारं एक परदेशी मशीन निघालंय, पदराखाली झाकलं जातं, कुणाला दिसतही नाही. देशी मशीन होतं, पण ते छातीवर पेटी बांधायचं, कानापर्यंत वायर न्यायची. सोयऱ्यांमध्ये वायर लावून बसायचं म्हणजे काय, म्हणून ह्यांनी महागातलं परदेशी घेतलं. त्या वेळी मला केवढा आनंद झाला होता. पेटीवाल्याला बाजारातले साधे सेल चालतात, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या मशीनचा सेल म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी चपटी टिकली, ती फक्त मुंबईला मिळायची, पावणेदोन रुपयांना एक. दीपचंदजी गेले की सहा आणायचे आणि धुळ्याच्या बसनं कुणाबरोबर तरी पाठवून द्यायचे. त्या जूननंतर पहिल्यांदा ती टिकली तीन रुपयांना आली. पुढच्या वेळी पाच. त्याच्या पुढच्या वेळी दीपचंदजी हात हलवत आले आणि म्हणाले, "भाभी, दुकानदारानं तो मालच बंद केला. म्हणतो, ह्या भावात कोण घेणार?" पेटीवाल्या मशीनचीही चौकशी केली होती म्हणे, तर तेही दीडपट झालेलं, आतलं सगळं सामान बाहेरचंच. ह्यांनी दोन्ही हात उघडे करून दाखवले आणि ओठांनी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. कुठली दिवाळी ते काही म्हणाले नाहीत.

सेल संपले दसऱ्याच्या सुमाराला. ह्या जातीच्या सेलची रीत अशी की तो हळूहळू मंद होत नाही. नीट चालत असतो आणि एका क्षणी संपतो. मी चहा गाळत होते, गाळणीवर चमचा ठक ठक करत होते, आणि एक ठक झाली नाही. चमचा आपटला, चहा पडला, ठक झाली नाही. त्यानंतर महिनाभरानं आमची चंचल, केवलची मुलगी, बोलायला लागली. पहिला शब्द म्हणे "बाई". घरात मला सगळे बाई म्हणतात आणि ह्यांना काकाजी, तिनंही तेच उचललं. सुनंदा, माझी सून, तिला उचलून माझ्यासमोर घेऊन आली आणि चंचलचे ओठ मिटले, उघडले. एवढंच मला दिसलं. मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्याही मला ऐकू आल्या नाहीत.

आता जे सांगायचंय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बहिऱ्या माणसाच्या डोक्यात शांतता असते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आतून काहीतरी चालू असतं, भिंतीपलीकडं जातं फिरत असल्यागत, आणि त्या घरघरीतून मधूनच जुने आवाज वर येतात. माहेरच्या दोंडाईच्याच्या स्टेशनात शिरणारी गाडी मला कैक वेळा ऐकू येते. दिसलेल्या ओठांना कान आपणहून आवाज जोडतो, ओळखीच्या माणसाला त्याचा स्वतःचा. ह्यांचे ओठ हलले की मला ह्यांचाच जरासा घोगरा आवाज येतो, केवलचे हलले की केवलचा. पण चंचलचा आवाज मी ऐकलाच नव्हता. तिचं तान्हेपणीचं रडणं ऐकलं होतं, ते काय, सगळ्या लेकरांचं सारखंच. म्हणून तिचे ओठ मिटून उघडले तेव्हा कानानं इकडंतिकडं शोधलं आणि जो आवाज सापडला तो तिला देऊन टाकला. "बाई." स्वच्छ, किंचित शेंबडा, दुसरं अक्षर लांबवलेला. मी चंचलला घेऊन तशीच पाटावर बसले. तो आवाज प्रेमकुंवरचा होता.

प्रेमू माझी मुलगी, केवलच्या पाठची. चार वर्षांची होऊन गेली, त्याला आता चोवीस वर्षं झाली. तिला पोत्यांच्या मागं लपायची फार हौस. लपायची आणि तिथूनच ओरडायची, "बाई, मी कुठंय?" लपणाऱ्यानं ओरडायचं नसतं हे तिला किती सांगितलं तरी पटायचं नाही. आपण कुठं आहोत हे बाईनं सांगावं, एवढंच तिला हवं असायचं. मग घटसर्प झाला. घशात पांढरा पडदा आला, डॉक्टर म्हणाले मुंबईला न्या, आणि तेवढा वेळ राहिला नव्हता. घटसर्पात आधी आवाज जातो. शेवटचे दोन दिवस तिचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. तेव्हा माझे कान चांगले शाबूत होते, घरात पाल चुकचुकली तर मला कळायचं, आणि मी तिच्या तोंडाला कान लावून बसले होते नि काहीच येत नव्हतं. नुसता ओठांचा वारा गालाला लागायचा. ती काय म्हणत होती ते मला ओळखता आलं नाही. ओठ वाचायला मी नंतर शिकले, चौदा वर्षं उशिरा.

तर ती आता चंचलच्या तोंडून बोलायला लागली. चंचल दूध मागायची प्रेमूच्या आवाजात, केरसुणी ओढत न्यायची आणि प्रेमूच्या आवाजात हसायची. पहिले काही दिवस मला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. दुपारी सगळे झोपले की मी चंचलला समोर बसवून मुद्दाम बोलायला लावायची. मग एकदा तिला ताप आला, साधाच, दातांचा असेल. सुनंदा तिला मांडीवर घेऊन बसली होती, चंचलचे ओठ कोरडे पडलेले, आणि ते हलले, आणि माझ्या कानात प्रेमू म्हणाली, "बाई, मी कुठंय?" चंचल तसं काही म्हणाली नसणार, तिला तेव्हा चार शब्द येत होते. त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला की ह्या पोरीचा स्वतःचा आवाज एकदा, एकदाच, माझ्या कानात पडला पाहिजे. एकदा पडला की तो तिथं राहील, मग प्रेमूला तिथून उठावं लागेल. नाहीतर ही मुलगी माझ्या डोळ्यांदेखत वाढत जाईल आणि माझ्यासाठी ती सगळा जन्म दुसऱ्याच्या तोंडानं बोलेल, जी आता कुठंच नाही तिच्या.

संक्रांतीला दीपचंदजी आले आणि त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत एक टिकली होती. दुकानदाराच्या खणात मागं पडलेली, पैसेही घेतले नाहीत म्हणाले. "जुना माल आहे, भाभी. तासभर चालेल की दोन मिनिटं, सांगता येत नाही. घातला की घातला, परत काढून ठेवता यायचा नाही." मी तो सेल माझ्या नवकाराचा जप करायच्या माळेच्या डबीत ठेवून दिला. त्याच दिवशी का घातला नाही, असं कुणी विचारेल. मी स्वतःला विचारत होते. चंचल अजून नीट बोलत नाही, एकेक शब्दच बोलते, वाक्य येऊ दे, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. चंचलचा आवाज आत आला की प्रेमूचा जाईल, तेच तर मला हवं होतं, पण तो गेला म्हणजे मग तिचं काय राहिलं माझ्याजवळ? एक फोटोसुद्धा नाही. मी डबी उघडायची, सेल तळहातावर घ्यायची आणि परत ठेवायची. असे महिने गेले. रॉकेल महागलं, स्टोव्ह दोनदाच पेटायला लागला, दुधाचा रतीब अर्ध्या शेरानं कमी झाला, ह्यांनी नवं धोतर घेणं पुढं ढकललं. लवंगेसारखी गोणी दरवर्षी थोडीच सापडते.

घरात एक गोष्ट मात्र चांगली झाली असं मला वाटत होतं. सगळ्यांचे ओठ फार स्पष्ट हलायला लागले होते. पूर्वी माझ्याशी बोलताना केवल घाईघाईत बोलायचा, तोंड फिरवायचा, अर्धं कळायचं नाही. आता तो समोर उभा राहून एकेक शब्द मांडल्यासारखा बोलायचा. सुनंदाही. हेही. मला वाटायचं, माझ्यासाठी किती कष्ट घेतात. आणि पुढं दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या माना आता वळत नव्हत्या. घर नि दुकान एकाच छपराखाली, मधे नुसता पडदा. माझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडलं की कुठला माल आहे, कुठला नाही, कुणाला उधारी बंद केली, हे सगळं बाजाराला कळणार. मीसुद्धा बोट आठवून जेवढ्यास तेवढंच बोलायची, तेही पुटपुटून. फक्त तानुबाई पूर्वीसारखी राहिली होती. ती धणे-जिरे निवडायला यायची, नरडाण्याकडची, तिला बोटाबिटाची पर्वा नव्हती. ती बोलायला लागली की पुढचे लोक वळून बघायचे. एकदा सूप थांबवून ती माझ्याकडं बघत मोठ्ठे ओठ करून म्हणाली, "बाई, तुम्हना घरमा बठ्ठा मुका शेतस का? माले भ्याव वाटस." घरातले सगळे मुके आहेत का, मला भीती वाटते, म्हणे. मी हसले. मला वाटलं, आमच्या जैनांच्या सामायिकातल्या, म्हणजे रोजच्या ध्यानातल्या, मौनाबद्दल बोलतेय. तिला काय ठाऊक आमच्या रीती, असं म्हणून मी पुढचं सूप ओढलं.

भादव्यात पर्युषण आलं, आमचं उपासांचं पर्व. त्याचा शेवटचा दिवस संवत्सरी, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, उपासाचं पारणं करायच्या आधी, आमच्यात घरातला प्रत्येक माणूस प्रत्येकापुढं हात जोडून उभा राहतो आणि वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागतो. खमत खामणा म्हणतात त्याला. नवरा बायकोपुढं उभा राहतो, सासू सुनेपुढं. मी ठरवलं की हाच दिवस. कुणाला म्हणायला नको की बोल, मला ऐकायचंय. भीक मागायला नको. सगळे आपण होऊन एकेक करून माझ्यासमोर येणार, शेवटी चंचल येणार, ती आता अडीच वर्षांची झाली होती, घडाघडा बोलते असं सुनंदा सांगायची. पहाटे स्थानकातून, आमच्या प्रार्थनेच्या जागेतून, आल्यावर मी आंघोळ केली, डबी उघडली, सेल मशीनच्या खाचेत बसवला आणि पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. कुणाला सांगितलं नाही. मग मी आवाजाचं बारीक चाक फिरवलं.

आधी नुसतं सूं झालं. मग कबुतर. कौलांवर कबुतर घुमत होतं, आणि मी इतकी दचकले की भिंतीला धरलं. मग सुनंदाच्या बांगड्या, स्टोव्हचा भुसभुस आवाज, पुढं कुणीतरी दुकानाची फळी काढून ठेवली तो धाडकन आवाज, तराजूच्या साखळ्या. रस्त्यावरून टांगा गेला. मला रडू यायला लागलं. सेल चांगला होता. तेवढ्यात हे आले. वहाणा काढल्याचा आवाज आला, धोतराचा सळसळ आवाज आला, घसा खाकरल्याचा आला. माझ्यासमोर उभे राहिले, हात जोडले, आणि त्यांचे ओठ हलले, खमत खामणा. आवाज आला नाही. मला वाटलं सेल गेला. पण कबुतर घुमतच होतं. ह्यांनी परत ओठ हलवले, सावकाश, स्पष्ट, तुझं काही दुखवलं असेल तर. श्वासाचा आवाज आला, ओठ एकमेकांना चिकटून सुटल्याचाही आला, बारीकसा. शब्दाचा आला नाही. माझे हात जोडलेलेच राहिले. मग केवल आला. त्याचेही ओठ हलले, तसेच, छान मांडून. त्याच्यामागं सुनंदा. खाली वाकून माझ्या पायाला हात लावताना तिच्या बांगड्या वाजल्या आणि तिचे ओठ नुसतेच उघडले-मिटले. आणि मग केवल तिच्याकडं वळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "काकाजींच्या मुगाचं पाणी गाळलंस का?" ती म्हणाली, "केव्हाच." तो म्हणाला, "मग आण." त्यांचे आवाज होते. दोघांचेही. माझ्याकडं तोंड केलं की ते संपत होते.

ते मुद्दाम करत नव्हते, हे मला कळत होतं. ऐकूच येत नाही तिच्यासाठी आवाज कशाला खर्चायचा, आणि वर तो पडद्यापलीकडं जातो. वर्ष होत आलं, सवय पडली, त्यांच्या ध्यानातही राहिलं नसेल. वर्षभर मी ज्या आवाजांना ह्यांचा, केवलचा म्हणत होते ते माझे मीच घरात बसून तयार केलेले होते. तानुबाई मौनाबद्दल बोलत नव्हती. मला त्या घरात एकाएकी फार थंडी वाजली. मी अशी ओठांच्या माणसांमध्ये उभी असताना सुनंदानं चंचलला पुढं ढकललं. चंचलनं नवा फ्रॉक घातला होता. तिनं छोटे हात जोडले, मान वर केली, माझ्याकडं बघून गोड हसली आणि ओठ हलवायला लागली. ते मिटले, उघडले. पुन्हा मिटले, उघडले. किती नीट हलवत होती. आजोबांसारखे, बापासारखे. बाईशी असंच बोलतात, हे ती बोलायला शिकली त्याच दिवसापासून शिकली होती. तिच्या तोंडातून वारासुद्धा निघत नव्हता.

हे मी पूर्वी पाहिलं होतं. ह्याच घरात, ह्याच कोठीच्या दाराशी, असेच ओठ.

"मोठ्यानं बोल," मी म्हटलं. मशीनमधून मला माझा आवाज आला, परका, चिरका. "चंचल, मोठ्यानं बोल. आवाज काढ." तिचं हसू गेलं. तिनं घाबरून आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि समजावल्यासारखं आपलं इवलंसं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. मी खाली बसले, तिचे खांदे धरले आणि म्हटलं, "नाही गं बाई, बोल, आज मला ऐकू येतंय." मागं केवल काहीतरी बोलायला लागला, "बाईला ऐकू—" आणि तिथंच थांबला. तो थांबला नव्हता. स्टोव्हही थांबला होता, कबुतरही. मी चाक फिरवलं, पार शेवटपर्यंत फिरवलं. सेल गेला होता. आणि त्याच वेळी चंचल रडवेली होऊन आईकडं वळली आणि काहीतरी म्हणाली. आता ती खरंच बोलली, कारण माझी बोटं तिच्या गळ्याला लागलेली होती आणि कातडीखाली तो थरथरताना मला लागला. आवाज माझ्या बोटांखाली होता, गरम, आणि कानात काही नव्हतं.

मग होतं. सेल गेलेला, मशीन बंद, आणि अगदी जवळून, पोत्यांच्या मागून, स्वच्छ, दुसरं अक्षर लांबवत, "बाई, मी कुठंय?"

ह्या खेपेला मी तिला उत्तर दिलं. "इथंच आहेस," मी म्हटलं, "इथंच आहेस गं, माझ्याजवळ." केवढ्यानं म्हटलं मला माहीत नाही. पडदा अर्धा सरकलेला होता, आणि पुढं दुकानात जे कोण उभे होते त्या सगळ्यांच्या माना वळल्या.

ह्यांनी माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं.

मी मशीन कानातून काढलं आणि चंचलचे डोळे पुसले. मग तिच्यासमोर बसून, तिला समजेल असे, आवाज न काढता ओठ हलवले.

ती लगेच हसली. मी काय म्हणाले ते तिला बरोबर कळलं.